ड्रायव्हर बदलला आणि फोटोंचे रंग गेले: माझा अनुभव

प्रिंटर तोच, कागद तोच, शाईही तीच. कॉम्प्युटरच्या एका अपडेटनंतर ड्रायव्हर (कॉम्प्युटरकडून प्रिंटरला काम सांगणारं सॉफ्टवेअर) तेवढा बदलला आणि फोटोतल्या चेहऱ्यांवर लालसर-जांभळट झाक यायला लागली. सावल्यांचा नुसता काळा गोळा. त्या काळ्या भागावरून बोट फिरवलं की शाई बोटाला लागायची.

हेल्पलाइनवर एकच पालुपद: हेड क्लीनिंग (शाई सोडणाऱ्या भागाची सफाई) करा, नाहीतर कार्ट्रिज बदला. याचाच मला अजून राग आहे. प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई वाया जाते. मी प्रिंटरच्याच बटणांवरून नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं तपासायचा रेघांचा नमुना, काढला होता. त्यात कॉम्प्युटरचा काही संबंध येत नाही. एकही रेघ तुटलेली नव्हती. म्हणजे हेड ठीक, शाई ठीक. हे सांगूनही पुन्हा कार्ट्रिजच!

खरी मेख सेटिंगच्या खिडकीत होती. अपडेटने मूळ ड्रायव्हर काढून सामान्य, कुठल्याही प्रिंटरला चालणारा ड्रायव्हर बसवला होता. त्यात कागदाचा आकार, आडवं-उभं, रंगीत की काळं-पांढरं, बस्स. ‘पेपर टाइप’ हा पर्यायच गायब. शाई किती सोडायची, रंगांचं गणित कोणतं लावायचं, हे ड्रायव्हर त्यावरूनच ठरवतो. साधा कागद समजला की बरेच प्रिंटर पिगमेंट (रंगाचे बारीक कण असलेली) काळी शाई वापरतात आणि ती माझ्यासारख्या ग्लॉसी, म्हणजे चकचकीत फोटो कागदावर धरत नाही. बोट काळं होत होतं ते त्यामुळे.

प्रिंटर कॉम्प्युटरच्या यादीतून नुसता काढून परत जोडला तर तोच ड्रायव्हर परत येतो, हे ध्यानात ठेवा. ड्रायव्हरचं पॅकेजही (कॉम्प्युटरमध्ये साठवलेल्या त्याच्या फाइल्स) काढावं लागतं. मग रीस्टार्ट करून आपल्या मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर टाका. यूएसबी केबल इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच लावा.

पूर्ण ड्रायव्हरमध्ये ‘पेपर टाइप’ ग्लॉसी निवडल्यावर काळा रंग सुधारला, लाली मात्र राहिली. कारण फोटोचं सॉफ्टवेअर आयसीसी प्रोफाइल (प्रिंटर आणि कागदाप्रमाणे रंग कसे बदलायचे ते सांगणारी फाइल) लावून रंग बदलत होतं आणि त्यावर ड्रायव्हर स्वतःची दुरुस्ती करत होता. रंग सांभाळायचं काम दोघांपैकी एकाकडेच हवं. मी ते सॉफ्टवेअरकडे ठेवलं, ड्रायव्हरमधलं कलर करेक्शन ‘ऑफ’ केलं आणि पुढचाच प्रिंट स्वच्छ आला. त्वचेचा रंग त्वचेसारखा! खूप बरं वाटलं.

हे आधी सांगायला हवं होतं: तपासायला आवडता फोटो घेऊ नका, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत जाणारी करड्या छटांची पट्टी छापा. कुठलीही झाक त्यात लगेच दिसते. प्रिंट नीट वाळू द्या, ओल्या प्रिंटचा रंग फसवा असतो. तुलना जुन्या चांगल्या प्रिंटशी करा, स्क्रीनशी नको, कारण स्क्रीनचा ब्राइटनेस जास्त असला की प्रिंट काळपटच वाटतो.

रंग जमले की सगळ्या सेटिंगचा प्रीसेट सेव्ह करा, त्या खिडकीचे स्क्रीनशॉट काढा आणि ड्रायव्हरची इन्स्टॉलर फाइल जपून ठेवा. पुढच्या अपडेटला लागेल.