पावसाळ्यात गिनीपिगचं अंथरूण

बकुळी आणि सोनी, आमच्या दोन गिनीपिग. त्यांच्या पिंजऱ्यात काय अंथरायचं हा प्रश्न मुंबईत जून ते सप्टेंबर फार अवघड होतो.

सुताराकडचा भुसा मी आणत नाही. त्यात बारीक धूळ आणि प्लायवूडचा गोंद असतो, आणि या जिवांची फुप्फुसं नाजूक. सीडर या सुगंधी लाकडाचा तर नकोच. त्यातल्या फिनॉल या उग्र रसायनाने श्वासाला त्रास होतो. नुसता पेपर घातला तर पाय ओल्यात राहून तळव्यांना जखमा होतात.

आमच्याकडे वर फ्लीस, म्हणजे मऊ, लोकरीसारखं कृत्रिम कापड, खाली जुन्या टॉवेलांचा जाड थर. नवं फ्लीस आधी तीनचारदा गरम पाण्यात धुवावं, तेव्हाच लघवी खाली झिरपते. सॉफ्टनर अजिबात नको, त्याने झिरपणं थांबतं. रोज सकाळी लेंड्या आणि ओलं गवत झाडून काढते, तीनचार दिवसांनी सगळं बदलते. तळाशी धरलेला पांढरा थर कॅल्शियमचा. व्हिनेगर शिंपडून थोडा वेळ ठेवलं की सुटतो.

पण पावसात कापड वाळतं कुठे? आई रोज बजावते, "अगं, दमट कापड घालू नकोस गं त्यांना!" खरंच आहे, ओलीत बुरशी धरते. म्हणून तीन जोड केलेत, पंख्याखाली दोरीवर आलटून पालटून. सलग झड लागली की कागदाच्या लगद्याचं बेडिंग आणते. महाग पडतं, पण अमोनियाचा वास त्यांच्या नाकाशी राहावा हे मला सहन होत नाही.