सरदारची आयाळ

सर्कशीतले पाच सिंह आमच्या केंद्रावर आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक पातळशी फाइल आली आणि एक म्हातारा माणूस आला. फाइलमध्ये नावं होती, अंदाजे वयं होती, आणि आईबापाच्या रकान्यात नुसती रेघ ओढलेली होती. उरलेलं सगळं त्या माणसाच्या डोक्यात. माणूस तासगावकडचा, पंधराव्या वर्षी सर्कशीत शिरलेला. त्या भागाला सर्कस नवी नाही, विष्णुपंत छत्र्यांनी १८८० सालीच आपली सर्कस उभी केली होती. आमचं केंद्र दक्षिणेत, तिथे वर्षभर माझ्या कानावर मराठी पडलं नव्हतं. पहिल्या दिवसापासूनच मी त्यांना मामा म्हणू लागलो.

सर्कशीत वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं नाचवायला बंदी घालणारी अधिसूचना १९९८ची. सर्कसवाले कोर्टात गेले आणि २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. मग हे प्राणी ठेवायला देशात ठिकठिकाणी बचाव केंद्रं उभी राहिली. आमचं त्यातलंच एक, आणि मी तिथला पशुवैद्य.

सरदार त्या पाचांतला सर्वांत देखणा. सहा वर्षांचा, काळपट आयाळीचा. त्याला मोकळ्या आवारात सोडलं, तर तो दारातच बसून राहिला. मातीवर पंजा ठेवायचा आणि मागे घ्यायचा. तिसऱ्या दिवशी बाहेर आला, पण चार पावलं जाऊन वळायचा, पुन्हा चार पावलं, पुन्हा वळण. पुढे पाऊण एकर गवत पसरलेलं होतं. तो मात्र गाडीतल्या पिंजऱ्याच्या मापातच चालत होता. ते बघून मामा पाठ फिरवून उभे राहिले.

नियमाप्रमाणे या सिंहांची पुढे पैदास होऊ द्यायची नव्हती, त्यामुळे नरांची नसबंदी ठरलेली. मामांना हे सांगितलं तेव्हा ते एकदम उसळले.

"बाकीच्यांचं करा डॉक्टर, पर ह्याचं नको. ह्यो गीरचा हाय. त्याचं पोट बघा की."

पोट मी बघितलं होतं. गीरच्या सिंहाच्या पोटाखाली कातडीची एक लांब घडी लोंबते. आफ्रिकेच्या सिंहाला ती क्वचितच असते. सरदारला होती, चांगली ठळक. कानही आयाळीतून वर दिसत होते. माझ्याही मनात पाल चुकचुकली. खरंच शुद्ध गीरचा निघाला, तर त्याची नसबंदी करणं हा गुन्हाच की.

पण तो मिश्र रक्ताचा असला तर? दोन जातींचे संकर आपल्याकडे जुनेच. बिबट्या आणि सिंहीण यांची पिल्लं आपल्या कोल्हापुरात १९१०मध्ये झाली. एक अडीच महिन्यांचं होऊन मेलं, त्याचं कातडं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डनी विलायतेला प्राणिशास्त्रज्ञ पोकॉककडे पाठवलं. कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात वाघ आणि सिंहीण यांची रुद्राणी १९७१ची. तिला सिंहापासून पुन्हा पिल्लं झाली, त्यांतला क्युबानाकन साडेतीनशे किलोंच्या वर भरला. असले प्राणी आंधळ्यालाही ओळखू येतील, अंगावर ठिपके काय, पट्टे काय. त्यांचे नर वांझ असतात, म्हणजे गोष्ट एकदोन पिढ्यांत संपते. मला झोप लागू देत नव्हता तो संकर वेगळा होता. आफ्रिकेचा सिंह आणि गीरचा सिंह ही एकच जात. त्यांची पिल्लं धडधाकट जन्मतात, त्यांनाही पिल्लं होतात, आणि कुणाला काही दिसत नाही. पंजाबातल्या छतबीर प्राणिसंग्रहालयात हेच झालं. सर्कशीतल्या आफ्रिकी रक्ताच्या सिंहांशी गीरचे सिंह जुळले, कळप ऐंशीच्या घरात गेला, आपसात पैदास होऊन प्राणी रोगट झाले, आणि शेवटी पैदास बंद करून तो वंश हळूहळू संपू द्यावा लागला. अमेरिकेत तर आशियाई सिंहांच्या जतनाचा सगळा कार्यक्रम पाच मूळ प्राण्यांवर उभा होता. १९८७मध्ये कळलं की त्यांतले दोन आफ्रिकी रक्ताचे. वर्षानुवर्षांची मेहनत त्या दोघांपायी वाया गेली.

गीर आणि आसपासच्या सौराष्ट्रात आज आठशेच्या वर सिंह आहेत. मी सांगतोय त्या काळी तीनशेच्या आसपास होते. जगात त्यांना दुसरं रान नाही. त्या रक्तात काय मिसळतं याची काळजी मला तेव्हाही होती, आजही आहे.

मी सरदारचं रक्त तपासायला हैदराबादला पाठवलं. दीड महिन्याने उत्तर आलं, मिश्र. मामांना बोलावून सांगितलं. बराच वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "ह्याची आय आमच्यात आली तवाच गाभण होती. बाप कुणी बघितलाय?"

थोड्या वेळाने त्यांनी एकच गोष्ट मागितली. "आयाळ जाऊ देऊ नका."

सिंहाचं खच्चीकरण केलं की आयाळ झडते, नर मादीसारखा दिसू लागतो. एका सर्कशीत त्यांनी ते बघितलं होतं. मी त्यांना शब्द दिला. आम्ही फक्त शुक्रवाहिनी कापणार होतो, वृषणांना हात लावणार नव्हतो. आयाळ राहणार होती, गर्जनाही राहणार होती.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी सहाला ब्लोपाइपने, म्हणजे फुंकनळीने, भुलीची सुई मारली. दहा मिनिटांत मान टेकली. डोळे उघडेच राहतात म्हणून त्यांत मलम घालून वर ओला पंचा टाकला, जीभ बाहेर ओढून घेतली, आणि स्ट्रेचरसकट काट्याला टांगला. एकशे बेचाळीस किलो. माझ्या पोटात गोळा आला. भूल मी एकशे सत्तर धरून काढली होती. आयाळीने मला फसवलं होतं. त्या केसांच्या खाली सर्कशीत अर्धपोटी वाढलेलं जनावर होतं, आणि पंधरा वर्षांच्या नोकरीत मी ते ओळखायला हवं होतं.

भुलीवरचा उतारा सुईत भरून ठेवला. पण आताच उठवला, तर पुन्हा भूल द्यावी लागणार, म्हणून काम उरकायचं ठरवलं. मामांना म्हटलं, बरगड्यांवर हात ठेवा आणि श्वास मोठ्याने मोजा. ते मोजू लागले. मी कातडीला बोटभर छेद दिला आणि शुक्रवाहिनी शोधली. शेवईएवढी जाड, पांढरी, चिमटीत धरली की दोरीसारखी कडक लागते. एका बाजूची बांधून मधला तुकडा काढला. दुसरी हातात आली तेवढ्यात मामांचा आवाज थांबला.

"सात" झालं होतं. आठ येईना.

हिरड्या बघितल्या, गुलाबीच्या राखाडी होत चाललेल्या. कीपर छाती दाबू लागला, मी शिरेतून उतारा दिला. मामांनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सर्कशीतली हाक दिली, रिंगमध्ये बोलवायची, एक आखूड "हेप्". पुन्हा एकदा. मग बरगडी हलली. औषधाने की छाती दाबल्याने, मला ठाऊक आहे. पण मामा "आठ" म्हणाले तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात बरगडीवरून निघाला नव्हता.

दुसरी बाजू मी दोन मिनिटांत उरकली. टाके घातले आणि आम्ही बाहेर पडून दार ओढलं. कडी लावतोय तोच सरदारने डोकं उचललं.

त्यानंतर मी एकाही जनावराचं वजन नजरेने धरलं नाही. आधी काटा पिंजऱ्याखाली बसवून घेतला. वरिष्ठांना जे घडलं ते जसंच्या तसं लिहून दिलं.

सरदार अजून बारा वर्षं जगला. चार पावलांवर वळणं दुसऱ्या पावसाळ्यात सुटलं. एका सकाळी तो आवाराच्या टोकाला, चिंचेखाली लोळताना दिसला. मामा तोवर गावी परतले होते, पण महिन्यातून एकदा फोन यायचा.

२०१४मध्ये तो अठराव्या वर्षी गेला. शवविच्छेदन मीच केलं. डोळ्याच्या खाली वरच्या जबड्याच्या हाडात नस जायला भोक असतं. आफ्रिकेच्या सिंहाला एक, गीरच्या कित्येकांना मध्ये हाडाची काडी येऊन दोन. सरदारला डावीकडे एक होतं, उजवीकडे दोन. असं शुद्ध गीरच्या सिंहातही सापडतं, त्यामुळे त्याने काही सिद्ध होत नाही. तरी मी बराच वेळ त्या भोकांवरून बोट फिरवत राहिलो. मग नियमाप्रमाणे कातडी, नखं, सगळ्यासकट तो चितेवर गेला.

संध्याकाळी मामांना फोन लावला. ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "आयाळ हुती न्हवं?"

"होती मामा. शेवटपर्यंत होती."