आमची वाटचाल : खालच्या कप्प्यातला खोका

आमच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या वर्कशॉपमधल्या कपाटात, खालच्या कप्प्यात एक खोका आहे. रंगीत पंख्यांच्या जाळ्या, दोन जादा कूलिंग डक्ट, कधीच न लावलेला कॅमेरा-स्टँड, टवका उडालेला काचेचा बेड, म्हणजे प्रिंट ज्यावर तयार होते ती पाटी. ही आमची पहिल्या वर्षाची खरेदी. थ्रीडी प्रिंटर होता एकच, तोही स्वस्तातला. कामं म्हणजे मशिनांचे तुटलेले नॉब, क्लिपा, ब्रॅकेट. माणसं दोन, मी आणि धाकटा भाऊ. प्रिंट बिघडली की कारण सापडायच्या आधीच आमचा पार्ट मागवून झालेला असायचा.

प्रिंटचा पहिला लेयर, म्हणजे थर, एका कोपऱ्यात नीट बसायचा, दुसऱ्यात दोऱ्यासारखा सुटून यायचा. म्हणून ऑटो लेव्हलिंगचा सेन्सर बसवला. वायरिंग आणि फर्मवेअरमध्ये (प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन दिवस गेले, रड तीच. शेवटी भावाने बेडचा कोपरा दोन बोटांत धरून हलवला, तर खटखट वाजला. खालच्या एका चाकाचा एक्सेंट्रिक नट सैल होता. पाना लावून जरासा फिरवला, चाक रुळावर बसलं. सेन्सर बेडचा उंचसखलपणा मोजतो खरा, पण मोजून झाल्यावर बेडच डुलणार असेल तर ते माप काय कामाचं? मग बेडखालच्या मऊ स्प्रिंगा काढून सिलिकॉनचे ठोकळे घातले आणि रोजचं लेव्हलिंग सुटलं. सेन्सर चांगलाच आहे, पण त्याचा नंबर तिसरा.

पुढचा फटका जास्त लागला. एका गिऱ्हाइकाच्या क्लिपा परत आल्या, लेयर एकमेकांपासून सुटत होते. पीएलए या आमच्या नेहमीच्या प्लॅस्टिकचं तापमान 200 वरून 215 अंशांवर नेलं, वितळलेलं प्लॅस्टिक जिथून बाहेर येतं ते 0.4 मिलिमीटरचं नोझलही नवं लावलं. फरक शून्य. मग फिलामेंटवर, म्हणजे प्रिंटरला पुरवतो त्या प्लॅस्टिकच्या तारेवर, मार्करने खूण करून 100 मिलिमीटर आत ढकलायला लावलं. गेलं 90 च्या आसपास, आणि दर वेळी आकडा वेगळा. आकडा तोच तोच आला असता तर कॅलिब्रेशनने भागलं असतं. बदलत होता म्हणजे फिलामेंट घसरत होतं. फिलामेंट पुढे ढकलणाऱ्या एक्स्ट्रुडरची प्लॅस्टिकची दांडी सोडवली तेव्हा खालच्या अंगाला केसाएवढी चीर दिसली. लावलेली असताना ती दिसतच नाही. ॲल्युमिनियमचा एक्स्ट्रुडर ही आमची पहिली शहाणपणाची खरेदी.

सुरक्षेचं मात्र आम्ही उशिरा पाहिलं, ते आधी पाहायला हवं होतं. तापमान मोजणारा थर्मिस्टर जागेवरून सटकला की प्रिंटरला वाटतं नोझल थंड आहे, आणि तो हीटर पेटताच ठेवतो. फर्मवेअरमधलं थर्मल रनअवे संरक्षण अशा वेळी सगळं बंद करतं; जुन्या काही स्वस्त प्रिंटरांत ते चालूच नसायचं. तारांची टोकं सोल्डर करून स्क्रूखाली दाबलेली होती. सोल्डर दाबाने हळूहळू पसरतं, जोड ढिला पडतो आणि तापतो. ती टोकं कापून फेरूल, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, लावले.

बाकीचं कामांनी करायला लावलं. पीईटीजी हे दुसरं प्लॅस्टिक काचेला इतकं चिकटलं की काढताना काचेचाच टवका आला, तेव्हा पीईआय या प्लॅस्टिकचा थर असलेली लवचीक स्टील शीट आली. टीपीयू या रबरासारख्या प्लॅस्टिकचे गॅस्केट लांब नळीतून ढकलताना फिलामेंट दुमडायचं, म्हणून दुसऱ्या प्रिंटरला डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे एक्स्ट्रुडर थेट नोझलच्या वर. कार्बन फायबरवालं फिलामेंट पितळी नोझल खाऊन टाकतं, त्याला हार्डन्ड स्टीलचं. मोटर चालवणारे, आवाज न करणारे ड्रायव्हर फक्त रात्रपाळीसाठी घेतले. प्रिंट त्याने सुधारत नाही, झोप सुधारते.

प्रिंटरभोवतीचं बंद कॅबिनेट अजून घेतलेलं नाही. पीएलएला ते उलट नडतं, आत उष्णता कोंडून फिलामेंट वरच मऊ पडतं आणि अडकतं. एबीएस या प्लॅस्टिकला मात्र ते लागतं, आणि सध्या त्याच्या एका कामाची बोलणी चालू आहेत. ऑर्डर हातात आली की कॅबिनेटची मापं घेऊ.