दाखल नोंदवही एक्सेलमध्ये उतरवताना

सोमवार

वाचनालयाची दाखल नोंदवही संगणकावर उतरवण्याचे काम कार्यकारिणीने हाती घेतले असून, त्यासाठी एक्सेल शिकायला मी आजपासून सुरुवात केली. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे किंवा पुण्याचे १८४८ चे वाचनालय यांच्या तुलनेत आमचे वाचनालय बरेच अलीकडचे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे आहे. तरीही नोंदवहीच्या पहिल्या खंडाची पाने आता हाताळण्याजोगी राहिलेली नाहीत. कडा तुटत आहेत आणि शाई काही ठिकाणी इतकी फिकी झाली आहे की उजेडाकडे धरल्याशिवाय आकडा लागत नाही. दाखल नोंदवही म्हणजे वाचनालयाचा सातबाराच. कोणते पुस्तक केव्हा आले, कोणाकडून आले, किती किमतीला आले, याचा एवढाच एक आधार आमच्याकडे आहे. म्हणून हे काम घाईने उरकण्याचे नाही, असे मला मनापासून वाटते.

मला शिकवणारी मुलगी आमच्या ग्रंथपालांची साहाय्यक आहे. शाळेत ती माझ्या वर्गात होती, त्यामुळे अजूनही मला बाई म्हणते. आज तिने मला एक अक्षरही टाइप करू दिले नाही. नोंदवहीचे एक पान समोर ठेवून ती म्हणाली, "बाई, आपल्या तक्त्यात एक ओळ म्हणजे नेमके काय, ते आधी ठरवू या." प्रश्न साधा वाटला, पण त्यावर बराच वेळ गेला. एक ओळ म्हणजे एक पुस्तक म्हणावे, तर एकाच कादंबरीच्या चार प्रती असतात आणि प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक असतो. त्यांपैकी एक प्रत बांधणीला गेलेली असते, एक गहाळ असते आणि दोन वाचकांच्या हातात असतात. शेवटी एक ओळ म्हणजे एक प्रत, असे ठरले. दाखल क्रमांक हा पहिला रकाना, आणि तो संपूर्ण तक्त्यात दुसऱ्यांदा येता कामा नये.

त्यानंतर रकान्यांचा विचार केला. जुन्या नोंदवहीत 'पुणे, चित्रशाळा, १९१२' अशा धर्तीची नोंद एकाच घरात सापडते. माणूस ती वाचून स्थळ, प्रकाशक आणि वर्ष वेगवेगळे समजून घेतो. संगणकाला मात्र ती अक्षरांची एकच रांग दिसते, आणि मग १९२० पूर्वीची पुस्तके वेगळी काढून दाखव म्हटले तर त्याला ते करता येत नाही. एका रकान्यात एकच गोष्ट, हा नियम मी वहीत लिहून घेतला. शीर्षकांची ओळ एकच असावी, ती गोठवून ठेवावी म्हणजे खाली कितीही गेलो तरी रकान्यांची नावे डोळ्यांसमोर राहतात, आणि देखणेपणासाठी घरे एकत्र जोडू नयेत, कारण जोडलेली घरे मध्ये आली की एक्सेल क्रम लावण्यास नकार देते. तिने ते मला करूनही दाखवले.

बुधवार

आज जे कळले, ते मला या सगळ्या शिक्षणाचे मूळ वाटते. एक्सेलमध्ये घरात जे साठवलेले असते आणि पडद्यावर जे दिसते, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण जे फॉरमॅटिंग म्हणतो ते दिसण्यापुरते असते.

उदाहरण आमच्याच कपाटातले घेतले. पुस्तकांचे वर्गांक, म्हणजे विषयानुसार दिलेले क्रमांक, आम्ही ड्यूईच्या दशांश पद्धतीने देतो. त्यात विश्वकोशांचा वर्गांक ०३० आहे. तो जसाच्या तसा टाइप करून एंटर दाबले की घरात ३० उरते, कारण आकड्याच्या आधीचे शून्य गणिताच्या दृष्टीने निरर्थक असते. वर्गांक मात्र दिसायला आकडा असला तरी त्याची कोणी बेरीज करत नाही. तो पुस्तकाचा पत्ता आहे, आणि पत्त्यातले शून्य गाळता येत नाही. त्यावर उपाय असा की आकडे भरण्यापूर्वीच संपूर्ण रकान्याला 'टेक्स्ट' हा प्रकार द्यायचा. आधी भरून नंतर प्रकार बदलला तर गेलेले शून्य परत येत नाही. शिवाय एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तिचे मला फार समाधान वाटले: ड्यूईच्या पद्धतीत दशांशचिन्हाच्या आधी नेहमी तीनच अंक असल्यामुळे, वर्गांक मजकूर म्हणून साठवले तरी त्यांचा क्रम अचूक लागतो. ०३० आधी, मग ६३०, मग मराठी साहित्याचे ८९१.४६. ज्या काळात संगणक नव्हता त्या काळात आखलेली पद्धत इतकी विचारपूर्वक आखलेली होती.

आयएसबीएनचेही, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचेही, तसेच आहे. तेरा अंकी क्रमांक टाइप केला की पडद्यावर ९.७८ई+१२ असे काहीतरी उमटते आणि नवखा माणूस घाबरून जातो. जुन्या दहा अंकी क्रमांकांत शेवटी एक्स हे अक्षरही येऊ शकते, तेव्हा तो रकानाही मजकुराचाच. सभासदांचे मोबाइल क्रमांक, गावांचे पिनकोड, दाखल पावत्यांचे क्रमांक यांपैकी कशाचीही बेरीज करायची नसते. ज्याची बेरीज करायची नाही तो मजकूर, ही कसोटी मला पुरेशी वाटते.

शुक्रवार

आजचा दिवस किमतीच्या रकान्याचा. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणेपद्धती आली. त्याआधीच्या सगळ्या नोंदी रुपये, आणे आणि पै यांत आहेत. आमच्या पहिल्या कारकुनांनी किंमत १-८-६ अशी लिहिली आहे, म्हणजे एक रुपया आठ आणे सहा पै. हे जसेच्या तसे टाइप केले की एक्सेल त्याची तारीख करून टाकते: १ ऑगस्ट २००६. आणि नुसते २-४ लिहिले, म्हणजे दोन रुपये चार आणे, की चालू वर्षातला २ एप्रिल हजर होतो. ही तारीख केवळ दिसण्यापुरती नसते. घरात खरोखर दिवसांचा आकडा साठवला जातो, कारण एक्सेल प्रत्येक तारीख १ जानेवारी १९०० पासूनच्या दिवसांच्या संख्येने ओळखते. त्यामुळे नंतर प्रकार बदलला तर चाळीस हजारांच्या आसपासचा एक आकडा समोर येतो आणि मूळ किंमत हाती लागत नाही. हा त्रास एकट्या वाचनालयाचा नाही. जनुकशास्त्रज्ञांच्या तक्त्यांत 'मार्च१' आणि 'सेप्ट१' या नावांची जनुके वर्षानुवर्षे तारखा होत राहिली, आणि अखेर २०२० मध्ये त्या जनुकांची अधिकृत नावेच बदलण्यात आली. एवढ्या मोठ्या विद्येला सॉफ्टवेअरपुढे वाट काढून द्यावी लागली, हे मला योग्य वाटत नाही. पण त्यावरून काळजी कोठे घ्यायची ते नेमके कळते.

आम्ही किमतीचे चार रकाने केले. रुपये, आणे आणि पै असे तीन, आणि चौथ्यात सूत्र. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. समजा दुसऱ्या ओळीत ई रकान्यात रुपये, एफमध्ये आणे आणि जीमध्ये पै आहेत, तर चौथ्या घरात बरोबरचे चिन्ह देऊन ई२ अधिक एफ२ भागिले १६ अधिक जी२ भागिले १९२ असे लिहायचे. १-८-६ चे उत्तर १.५३१२५ येते. रकान्याला दोन दशांश स्थळांचा प्रकार दिला की १.५३ दिसते, पण आत १.५३१२५ च राहते, आणि शेवटी बेरीज करताना एक्सेल आतला आकडा धरते. दिसणारे दोन दोन दशांश कागदावर बेरजेला घेतले तर काही पैशांचा फरक पडेल, आणि तो फरक कोठून आला हे लेखापरीक्षकांना सांगता आले पाहिजे.

सूत्र लिहिलेल्या घराचा उजवीकडचा खालचा कोपरा धरून खाली ओढला की तेच सूत्र पुढच्या ओळींत उतरते आणि ई२ चे आपोआप ई३, ई४ होत जाते. ओळीबरोबर पुढे सरकू नये असे एखादे घर सूत्रात असेल, तर त्याच्या अक्षराआधी आणि अंकाआधी डॉलरचे चिन्ह द्यायचे. हे मी तीन-चार वेगवेगळ्या सूत्रांवर स्वतः करून पाहिले. अनेक वर्षे फळ्यावर गणित शिकवल्यामुळे असेल, पण एका ओळीत मांडलेला नियम हजारो ओळींना लागू होताना पाहून मला आजही तोच आनंद झाला.

रविवार

पहिल्या खंडातले दाखल दिनांक १८९० च्या दशकातले आहेत, आणि एक्सेलच्या तारखा १९०० मध्ये सुरू होतात. त्याआधीची तारीख लिहिली तर ती मजकूर म्हणून पडून राहते. तिच्यावर क्रम लागत नाही, दोन तारखांमधले अंतर निघत नाही. शिवाय १९०० हे वर्ष लीप वर्ष नसतानाही एक्सेल त्या वर्षी २९ फेब्रुवारी मानते. लोटस १-२-३ या जुन्या कार्यक्रमाशी मेळ राहावा म्हणून ती चूक तशीच ठेवलेली आहे. आम्ही वर्ष, महिना आणि दिवस असे तीन साध्या आकड्यांचे रकाने केले. क्रम लावताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे तीन स्तर सांगितले की १८९४ पासून आजपर्यंतच्या नोंदी एका ओळीने उभ्या राहतात.

प्रकाशनवर्षाचा प्रश्न अधिक नाजूक होता. कित्येक जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर केवळ शके दिलेले आहे. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे पौषानंतरच्या महिन्यांत, साधारणतः जानेवारी ते मार्चच्या काळात, ७९ मिळवावे लागतात. पुस्तकावर महिना नसेल तर नक्की सन ठरवता येत नाही. म्हणून शके जसे छापले आहे तसे एका रकान्यात ठेवायचे आणि सूत्राने काढलेला सन दुसऱ्या रकान्यात, असे मी सुचवले व ते मान्य झाले. मूळ नोंद पुसून तिच्या जागी आपला निष्कर्ष लिहिणे मला कधीच पटले नसते.

मंगळवार

रंगांविषयी थोडेच लिहिते. गहाळ पुस्तकांच्या ओळी लाल कराव्यात असे एका सदस्यांचे मत होते. रंग डोळ्याला चटकन कळतो हे खरे आहे, पण काउंटइफ या मोजणीच्या सूत्राला रंग मोजता येत नाही. त्याऐवजी 'स्थिती' असा रकाना केला आणि डेटा व्हॅलिडेशनने त्यात ठरावीक शब्दांची यादी बांधून दिली: शेल्फवर, देवघेवीत, बांधणीला, जीर्ण, गहाळ. आता कोणी 'हरवले' आणि कोणी 'सापडत नाही' असे लिहू शकणार नाही. त्या शब्दांवर आधारलेला रंग कंडिशनल फॉरमॅटिंगने आपोआप येतो, त्यामुळे त्या सदस्यांचीही सोय झाली. दाखल क्रमांक दोनदा आला तर तोही याच पद्धतीने रंगतो.

गुरुवार

नावांचा रकाना सगळ्यांत अवघड आहे, आणि वाचकाला सगळ्यांत जास्त उपयोग याच रकान्याचा होणार आहे. 'वि. वा. शिरवाडकर' आणि मध्ये जागा न सोडता लिहिलेले 'वि.वा.शिरवाडकर' ही एक्सेलच्या लेखी दोन वेगळी माणसे आहेत. ट्रिम हे सूत्र पुढच्या-मागच्या आणि दोन शब्दांमधल्या जादा मोकळ्या जागा काढते, पण जेथे जागा मुळातच सोडलेली नाही तेथे ती घालत नाही. त्यासाठी फिल्टर लावून सगळी नावे एकदा यादीत पाहायची आणि शोधा-बदला वापरून एकसारखी करायची. तरीही 'कुसुमाग्रज' वेगळे उरतातच. त्यांच्या कविता एका नावाने आणि नाटके दुसऱ्या नावाने छापलेली आहेत, आणि दोन्ही शोधणाऱ्या वाचकाला दोन्ही मिळाली पाहिजेत. पुस्तकावरचे नाव एका रकान्यात आणि वाचनालयाने निश्चित केलेले नाव दुसऱ्यात, असा तोडगा आम्ही काढला. त्यासाठी लेखकांची एक स्वतंत्र शीट करावी लागेल.

शीर्षकांच्या शुद्धलेखनाचा निर्णय मात्र आज झाला नाही. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण आमची निम्मी पुस्तके त्यापूर्वीची आहेत. नोंदवहीत 'कांहीं' आहे, वाचक शोधताना 'काही' लिहिणार, आणि एक्सेलला ते पुस्तक सापडणार नाही. ग्रंथपालांचे म्हणणे असे की शीर्षक मुखपृष्ठावर आहे तसेच नोंदवले पाहिजे, आणि शास्त्र म्हणून ते बरोबर आहे. माझे म्हणणे असे की शोधण्यासाठी आजच्या लेखनातले शीर्षक शेजारच्या रकान्यात हवे, मग ते हजारो ओळींना हाताने लिहावे लागले तरी चालेल. साहाय्यक मुलीने हिशेब करून दाखवला की पहिल्या दोन खंडांपुरतेच केले तर काम आवाक्यात राहते, कारण तिसऱ्या खंडापासून नवे लेखन वाढत जाते. शनिवारच्या बैठकीत मी हा प्रस्ताव मांडणार आहे, आणि तो मंजूर झाला तर पहिल्या खंडाची शीर्षके मीच लिहून काढीन.