सुट्टीतलं स्वयंपाकघर

कोकणात हर्णैला चार दिवसांसाठी गॅस-भांड्यांसकट घर घेतलं, तेव्हा सासूबाईंनी एवढंच विचारलं, "तिथे जाऊनही तूच भात लावणार, मग आपला ओटा काय वाईट होता?"

प्रश्न रास्त होता. पहिली संध्याकाळ नुसती शोधाशोधीत गेली. कुकर होता, शिटी नव्हती. झाकणं सात, पण एकही कुठल्या पातेल्यावर धड बसेना. मीठ मात्र तीन डबे भरून. येणारा प्रत्येक जण नवी पुडी आणत असावा आणि उरलेली ठेवून जात असावा. मसाला मी घरून आणला होता. माणसाने कुठेही जावं, मसाला आपला असावा.

बंदरावर गेले तेव्हा सासूबाईंना द्यायचं उत्तर सापडलं. घरी आधी बेत ठरतो, मग पिशवी निघते. इथे पिशवी आधी. होड्या जरा आत थांबतात, बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात शिरतात आणि मासळी काठावर येते. मग वाळूवरच लिलाव. मोठे ढीग व्यापारी उचलतात, बर्फात घालतात, टेम्पोत चढवतात. तो गलका संपला की आपल्यासारख्यांसाठी वाटे लागतात.

"मावशी, सुरमई?"

"आज नाय. मांदेली हाय, बघ कशी सोन्यासारखी."

मला मांदेली नको होती. निवडायला किचकट, बोटभर मासा. पण समुद्राने तेच दिलं होतं, त्याला कोण काय बोलणार? मावशींनी वाट्यावर आणखी मूठभर टाकली आणि माझा प्रश्न मिटला. मागच्या अंगणात नवरा आणि मी मांदेली निवडायला बसलो. दहा मिनिटांत तीन मांजरं हजर, त्यातलं एक तर घरमालकासारखं वागत होतं. तिखट-हळद, आमसुलाचं आगळ, वर तांदळाचं पीठ. काट्यासकट कुरकुरीत खाल्ली. दुसऱ्या दिवशी बांगडे मिळाले, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. सुरमई शेवटपर्यंत दिसली नाही आणि आठवलीही नाही.

समोर समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला रोज दिसायचा. 1755 साली इंग्रज आणि पेशव्यांनी मिळून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आम्हाला चार दिवसांत तिथवर पोचताही आलं नाही. सकाळी तिसऱ्या धुवायच्या होत्या, संध्याकाळी लिलाव चुकवायचा नव्हता.

नारळ खवायला विळी हवी म्हणून शेजारी गेले. विळी मिळाली, वर वाटीभर सोलकढीही. वाटी रिकामी परत कशी द्यायची? मी शिरा करून दिला. ती वाटी दुसऱ्या दिवशी उकडीचं काहीतरी घेऊन परत आली. अशी तिची ये-जा निघेपर्यंत चालू राहिली. शेवटचा डाव शेजारणीने जिंकला. एसटीची वेळ झालेली असताना तिने सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पुडी हातात कोंबली, आणि मला परतफेड करायला वेळच उरला नाही.

पुडी तीन पिशव्यांत गुंडाळली, वर टॉवेल, मग बॅगेच्या तळाशी. दापोलीपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही अशी खात्री होती. कंडक्टरने तिकीट देता देता नाक फुलवलं, बॅगेकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"सोडे काय भावानं पडले?"