कार्डावरचा १४६

लेक एकवीस दिवसांची असताना सोनाराला घरी बोलावून माझी जोडवी कापून काढली. बोटं एवढी सुजली होती की चांदी मांसात रुतली होती. कातर चालवता चालवता तो म्हणाला, "पाय दाखवले का कोणाले?" आत्याबाईंनीच उत्तर दिलं, "बाळंतपणाची सूज हाये, उतरते."

उतरली नाही. रात्री आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा, खोकला यायचा. भिंतीला टेकून, बसूनच झोपायची मी. लेकीला पाजतानाही दम लागायचा. अशक्तपणा असेल म्हणून डिंकाचे लाडू वाढले, आणि कंबर दुखते म्हणून किराणा दुकानातली दुखण्याची गोळी मी रोज दोन वेळा घेत होते. त्या गोळ्यांनी किडनीवर ताण येतो आणि बीपीही चढतं, हे मला खूप नंतर कळलं.

तेविसाव्या दिवशी ओठ निळसर दिसायला लागले, तेव्हा १०८ ला फोन केला. यवतमाळला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला. हृदयाचं पंपिंग ३० टक्के. निरोगी माणसाचं ५५ च्या वर असतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत काही बायकांचं हृदय असं ढिलं पडतं म्हणे. रक्तात क्रिएटिनिन १.९, लघवीत प्रोटीन, म्हणजे किडन्याही नीट काम करत नव्हत्या.

डॉक्टरीणबाईंनी माझं गरोदरपणाचं कार्ड मागितलं आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं. तिसऱ्या महिन्यातली नोंद होती, १४६/९४. विसाव्या आठवड्याच्या आधीच बीपी जास्त असेल तर ते बहुतेक आधीपासूनचंच असतं, असं त्यांनी समजावलं. तपासणीच्या दिवशी मला सांगितलं होतं, "चालत आलीस ना, म्हणून." कोणी सांगितलं ते लिहीत नाही. आकडा नीट, निळ्या शाईत लिहिलेला होता. वाचला मात्र कोणीच नाही, मीसुद्धा नाही. पुढे सोनोग्राफीत दोन्ही किडन्या थोड्या लहान निघाल्या, म्हणजे हे दुखणं जुनंच होतं.

तेव्हापासून मी वही ठेवते. सकाळी उठून लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, मग दंडाला पट्टा. एक-एक मिनिटानं दोनदा मोजायचं. त्यानंतर वजन. काटा शहाबादी फरशीवरच ठेवते, शेणानं सारवलेल्या जमिनीवर तो खोटं बोलतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते अंगात साठलेलं पाणी असतं. लगेच फोन करायचा.

सगळ्यात मोठी भानगड मिठाची. दिवसाला एक लहान चमचा, पाच ग्रॅमच्या आत, सगळं धरून. आणि आमच्या घरी उन्हाळा म्हणजे वाळवण! पापडात मीठ, वर पापडखार, त्यातही सोडियमच. भरल्या मिरच्या, लोणचं, ठेचा. आत्याबाईंनी सैंधव आणलं, पण तेही शेवटी मीठच. मग जाऊबाईंनी 'कमी सोडियमचं' पाकीट आणलं. त्यात पोटॅशियम असतं, आणि माझ्यासारख्या किडनीच्या आणि एनालाप्रिल ही बीपीची-हृदयाची गोळी घेणाऱ्या बाईला ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पाकीट परत गेलं. आता वरण बिनमिठाचं उतरवते, माझं काढून घेते, मग बाकीच्यांचं मीठ पडतं. लिंबू, लसूण, भाजलेलं जिरं यांवर भागतं. भाकर मात्र आधीपासूनच बिनमिठाची, ज्वारीचे उपकार.

अंगातलं पाणी काढणाऱ्या लघवीच्या गोळीबद्दल कोणी मोकळं बोलत नाही. सकाळी घेतली की दोन-तीन तास धावपळ. कापूस वेचायला गेलं तर आडोसा कुठाय? बाईंना स्पष्ट विचारलं, तर म्हणाल्या, त्या दिवशी घरी आल्यावर दुपारी घे, फक्त रात्री नको. मे महिन्यात ४५ अंशांत हगवण लागली तेव्हा फोनवर विचारूनच दोन गोळ्या थांबवल्या होत्या, नाहीतर कोरड पडून किडनी अजून बसली असती.

एनालाप्रिल अंगावर पाजताना चालली, पण पोटात बाळ असताना चालत नाही. शिवाय पुन्हा दिवस जाणं माझ्या हृदयाला झेपणारं नाही. म्हणून तांबी बसवली. साध्या गर्भनिरोधक गोळ्यांनी बीपी वाढतं, त्या मला बंद. "एकच पोरगी का?" असं गावात विचारतात. विचारू देत.

पंपिंग आता ४८ वर आहे, क्रिएटिनिन १.५ वर थांबलंय. ते पूर्ण खाली येणार नाही, फक्त वर जाऊ द्यायचं नाही.

मागच्या रविवारी गंमत म्हणून ह्यांच्या दंडाला पट्टा लावला. १५८/९८. पाच मिनिटं बसवून परत मोजलं, १५४. हे म्हणतात मशीन बिघडलं. मी वहीत बाजूला दुसरा रकाना आखलाय, आणि गुरुवारी सातच्या एसटीत माझ्यासोबत ह्यांनाही बसवणार आहे.