इच्छांची यादी केली आणि चक्क पाण्यात उतरले

नोकरी गेल्यावर काही महिने सगळं ठप्पच होतं, सकाळी उठायचं तरी कशासाठी असं व्हायचं. मैत्रीण म्हणाली, मनात जे जे करायचंय ते लिहून काढ, कितीही वेडगळ असू दे. मला हे मोटिव्हेशन प्रकरण फारसं झेपत नाही, पण वेळ खायला उठला होता म्हणून बसले वही घेऊन.

पहिल्या पानावर घर, गाडी, परदेश. म्हणजे लोकांच्याच इच्छा! पान उलटल्यावर खऱ्या यायला लागल्या, पोहायला शिकायचं, एकटीनं लांबचा प्रवास करायचा, बाबांच्या आवाजात त्यांचे जुने किस्से रेकॉर्ड करून ठेवायचे. जॉन गोडार्ड नावाच्या अमेरिकन माणसानं १५व्या वर्षी अशी १२७ गोष्टींची यादी केली होती आणि पुढे कयाकमधून नाईल नदीची सफर खरंच केली. आपली यादी त्यापुढे काहीच नाही, पण वाचून बरं वाटायचं, उद्याचा विचार डोक्यात यायला लागला हेच खूप होतं.

पण नुसतं बरं वाटून माणूस जागचा हलत नाही. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाई म्हणतात की नुसती गोड स्वप्नं रंगवली तर उलट जोर कमी होतो, इच्छेच्या शेजारी आपल्याला अडवतंय काय ते पण मांडायचं, आणि मग 'असं झालं तर मी तसं करीन' हे आधीच ठरवून ठेवायचं. मग 'पोहणे'च्या पुढे लिहिलं, नाकात पाणी गेलं की जीव घाबरा होतो. त्याखाली, घाबरले तर कठडा धरून पाण्यात तोंड घालीन आणि नाकानं बुडबुडे सोडीन.

कोचनी पण पहिल्यांदा तेच करायला लावलं! लहान पोरं शेजारून सूळकन जातायत आणि मी कठड्याला लटकून बुडबुडे काढतेय, लाज वाटली पण वहीत लिहिलेलं होतं ना, म्हणून सोडलं नाही. छातीभर श्वास घेऊन अंग सैल सोडलं की पाणी आपोआप वर उचलतं हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी पाण्यातच ओरडले.

आता इंटरव्ह्यूला जाताना पण 'उत्तर सुचलं नाही तर' असं एक वाक्य लिहून नेते. यादीतल्या काही गोष्टी खोडल्या, त्या आता नकोच वाटतात. बाबांचं रेकॉर्डिंग चालू आहे, एकच किस्सा दर वेळी वेगळा सांगतात, त्यामुळे ते काही लवकर संपेल असं वाटत नाही.